वर्गणी सर्वांची, लाभ कोणाचा?

विमा म्हणजे काय, असा प्रश्न वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारला तर तो पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हणून दाखवील. अनेकांनी थोडीथोडी वर्गणी द्यावयाची आणि ज्या थोड्यांवर प्रसंग ओढवेल त्यांचा खर्च त्या सामाईक निधीतून भागवावयाचा, हे विम्याचे मूलतत्त्व. परीक्षेत त्याला चार गुण मिळतात. परंतु हे तत्त्व किती दूरवर जाते, ह्याचा विचार आपण परीक्षेनंतर क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो विचार एका अशा प्रश्नाच्या निमित्ताने करावयाचा आहे, की ज्याचे नुसते नाव काढले तरी वर्गात मागच्या बाकांवर खसखस पिकते. तो प्रश्न असा: सरकारी नोकरीत असलेल्या तृतीयपंथी किंवा लिंगबदलाचे उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा वैद्यकीय खर्च, इतर कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या खर्चाप्रमाणेच, सरकारने नियमाने उचलावा की नाही?

उचलावा, असे माझे मत आहे. त्यासाठी मी वाचकांच्या दयाबुद्धीला हाक घालणार नाही. मी वाणिज्याचा विद्यार्थी आहे. मला हिशेबानेच बोलू द्या.

प्रथम घरचे उदाहरण घेतो. माझे वडील सुरत जिल्ह्यातील पलसाणा येथे कापडाच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम करतात. त्यांच्या पगारपत्रकात दर महिन्याला 'ईएसआय' ह्या नावाची एक कपात असते. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असा वर्गणीचा दर ठरला. म्हणजे पगार १६,००० रुपये धरला तर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२०, मिळून ६४० रुपये दरमहा निधीत जमा होतात. माझ्या वडिलांवर आजवर इस्पितळात एक रात्रही काढण्याची वेळ आली नाही, ही ईश्वराची कृपा. परंतु म्हणून 'माझे पैसे पाण्यात गेले' असे ते कधी म्हणाले नाहीत.

ह्याच योजनेतून स्त्री-कामगाराला बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. आता पलसाणा-कडोदरा भागातील मिलांत जाऊन पाहा. जिगरवर, जेट मशीनवर, स्टेंटरवर उभे असतात ते बहुतेक पुरुष. कोणी आमच्यासारखे महाराष्ट्रातले, कोणी ओडिशाचे, कोणी उत्तर प्रदेश-बिहारचे. ह्यांच्यापैकी एकालाही कधी बाळंतपण यावयाचे नाही. तरी त्यांची वर्गणी त्याच निधीत जाते. 'ज्याचा आम्हांला उपयोग नाही त्याचे पैसे आम्ही का भरावे?' असे म्हणत त्यांनी मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही. आज दुसऱ्याच्या गरजेला माझा पैसा लागतो, उद्या माझ्या गरजेला दुसऱ्याचा लागेल, एवढी साधी गोष्ट मिलमधल्या कामगारालाही ठाऊक असते. वर्गणीदारांत स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे मोजून जर बाळंतपणाची रजा ठरवावयाची म्हटली, तर तो विमा राहणार नाही. तो बलवानांचा भिशीचा धंदा होईल.

सरकारी कर्मचाऱ्याची वैद्यकीय सवलत ही काटेकोर अर्थाने विमा नव्हे, हे मला मान्य आहे. तेथे बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून होतो. परंतु ती तिजोरी भरते आपणा सर्वांच्या करांतून. आणि त्या करदात्यांत तृतीयपंथी व्यक्तीही असतातच. काडेपेटी विकत घेताना दुकानदार कोणाला 'तू स्त्री की पुरुष?' असे विचारून कर आकारीत नाही. तेव्हा तत्त्व तेच लागू पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जन्माच्या वेळी दाईने किंवा डॉक्टरने 'मुलगा' अथवा 'मुलगी' म्हणून सांगितले, परंतु स्वतःची जाणीव मात्र त्याहून निराळी, अशी काही माणसे असतात. आपल्याकडे 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. अलीकडे 'पारलिंगी' हाही शब्द वापरतात. ह्यांतील सर्वांनाच वैद्यकीय उपचार हवे असतात असे नाही. परंतु ज्यांना हवे असतात त्यांच्यासाठी ते दीर्घकाळ चालतात: समुपदेशन, संप्रेरकांची औषधे, वेळोवेळी रक्ताच्या तपासण्या आणि काहींच्या बाबतीत एकाहून अधिक शस्त्रक्रिया. पैशांची सोय नसलेला माणूस ह्यासाठी कोठे जातो? कर्ज काढतो, किंवा भोंदू माणसाच्या हाती जीव देतो.

हे उपचार म्हणजे शौक आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या माहितीसाठी एक गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत ह्या अवस्थेला मानसिक विकारांच्या यादीतून काढले आहे. परंतु वर्गीकरणातून पूर्णपणे वगळलेले नाही. लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात तिला जागा दिली आहे. नाव पूर्णपणे काढले असते तर उपचारांची व विम्याची दारे बंद झाली असती, हे त्यामागील कारण. म्हणजे ही माणसे वेडी नाहीत, आणि त्यांचे उपचार हा चैनीचा भागही नाही, ह्या दोन्ही गोष्टी जगातील तज्ज्ञांनी एकाच वेळी मान्य केल्या.

आपल्या महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे ह्यांच्या प्रकरणाने. २०१० साली ते महिला शिपाई म्हणून पोलीस दलात भरती झाले होते. पुढे तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषांत आढळणारे वाय गुणसूत्र असल्याचे दिसून आले. २०१७ साली त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. मागणी किती, तर महिन्याभराच्या रजेची! परंतु पोलीस खात्यापुढे पेच पडला. स्त्री शिपाई आणि पुरुष शिपाई ह्यांचे भरतीचे शारीरिक निकष वेगवेगळे. मग शस्त्रक्रियेनंतर ह्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवावे? अर्ज नामंजूर झाला. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवाविषयक प्रश्न आहे, तेव्हा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असे त्यांना तेथे सांगण्यात आले. अखेर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी लक्ष घातले, गृहखात्याने परवानगी दिली, आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज ह्या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर साळवे पुरुष शिपाई म्हणून पुन्हा सेवेत रुजू झाले.

शेवट गोड झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. सरकारने माणुसकी दाखविली, ह्याबद्दल सरकारचे अभिनंदनही केले पाहिजे. परंतु मला ह्या हकीकतीतील एक गोष्ट खटकते. एका शिपायाच्या रजेच्या अर्जाचा निकाल लावण्यासाठी राज्याच्या मुख्यमंत्र्यांना वेळ काढावा लागला! पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागणाऱ्या शिपायाचा अर्ज मंत्रालयापर्यंत जातो काय? तो ठाण्यातला कारकूनच निकालात काढतो, कारण त्यासाठी नियम आहे. साळवे ह्यांच्यासाठी नियम नव्हता, म्हणून त्यांना कृपेची वाट पाहावी लागली. शिवाय त्यांच्या हाती गुणसूत्रांचा अहवाल होता. ज्याचे गुणसूत्र काहीच निराळे सांगत नाही, परंतु ज्याची घुसमट तेवढीच खरी आहे, त्याच्या अर्जाचे काय झाले असते?

त्याचे उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रकरणात सापडते. विशाखापट्टण येथे नौदलात काम करणाऱ्या साबी ह्यांनी २०१६ साली रजेच्या काळात लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने 'सेवेची आवश्यकता नाही' ह्या सदराखाली त्यांना घरी पाठविले. एकाच देशात, वर्षाच्या आत, एकाला शस्त्रक्रियेनंतर नोकरी टिकविता आली आणि दुसरीची नोकरी गेली. नियम नसला म्हणजे असेच होते. ज्याचे त्याचे नशीब.

वस्तुतः कायद्याची भूमिका कच्ची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांचे समान हक्क मान्य केले आणि त्यांना रुग्णालयांत योग्य उपचार मिळावेत असे सरकारांना बजावले. २०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या पंधराव्या कलमात लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार व लेसर उपचार ह्यांच्या खर्चासाठी सर्वसमावेशक विमा योजनेची तरतूद सांगितली. त्याला अनुसरून २४ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने 'आयुष्मान भारत टीजी प्लस' ह्या योजनेचा करार केला. प्रमाणपत्रधारक तृतीयपंथी व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार, अशी ती योजना.

येथे मात्र एक बारीक अट आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या इतर योजनांतून अशा सवलती ज्यांना मिळत नाहीत, त्यांच्यासाठी ही योजना आहे. अट वाजवी आहे; एकाच आजाराचे पैसे दोनदा कोणी देणार नाही. परंतु सरकारी कर्मचाऱ्याचे काय? त्याला तर सरकारी सवलत आधीपासून आहे. ती सवलत ज्या नियमांनी मिळते ते महाराष्ट्राचे नियम १९६१ सालचे. खासगी रुग्णालयातील उपचारांच्या प्रतिपूर्तीसाठी २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी दिली होती. हृदयविकार आहे, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण आहे, कर्करोग आहे. ह्या उपचाराचा उल्लेख त्या यादीत नव्हता. म्हणजे एका खिडकीवर सांगावयाचे, 'तुम्ही सरकारी नोकर, तुमची सोय आहे', आणि दुसऱ्या खिडकीवर सांगावयाचे, 'सोय आहे, पण ह्या आजारासाठी नाही'. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा असे एखादे कार्यालय पाहूनच केली असावी.

हा केवळ कागदावरचा पेच नाही. सुरतेच्या मराठी शाळेत मुलांच्या रांगेत उभी राहणारी माझी एक वर्गमैत्रीण आज स्पर्धा परीक्षांची तयारी करते आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पलसाण्याला घरी गेलो असता ती भेटली. मी वाणिज्य शिकतो, म्हणजे मला सगळे हिशेब कळतात अशी तिची समजूत. तिने विचारले, "नोकरी लागली तर पाच लाखांचं कार्ड जाईल. मग नोकरीतून त्याच्या बदल्यात काय मिळेल? काही मिळणार नसेल, तर आधी ऑपरेशन करून घेऊ की आधी परीक्षा देऊ?" वीस वर्षांच्या मुलीला नोकरी आणि औषध ह्यांत निवड करावी लागावी, हे चांगल्या व्यवस्थेचे लक्षण नव्हे. जी नोकरी तिला स्वतःच्या पायांवर उभी करणार, तिचीच तिला धास्ती वाटते आहे.

आता विरोधी मतांचा परामर्श घेतो. आमच्या शेजारच्या काकांनी मला सरळच सांगितले, "अरे, गरिबाला साधी तापाची गोळी मिळत नाही. आधी ती द्या, मग हे चोचले पुरवा." काकांचा राग खोटा नाही. परंतु हाच न्याय लावला, तर तापाची गोळी सर्वांना पोहोचेपर्यंत हृदयाची शस्त्रक्रियाही थांबवावी लागेल. तसे आपण कधी केले नाही. आरोग्याचा निधी म्हणजे रेशनची रांग नव्हे, की पुढच्याचे झाल्याशिवाय मागच्याला उभेच राहू द्यावयाचे नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आणि तो आमच्या शाखेचा विषय असल्याने त्याला आकड्यांनीच उत्तर देतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पालिकेने जुलै २००१ पासून आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत हे उपचार समाविष्ट केले. लोकांना भीती अशी, की देशभरातून माणसे येथे नोकरीला येतील आणि तिजोरी रिकामी करतील. म्हणून प्रत्येक वर्गणीदाराकडून सुरुवातीला दरमहा १ डॉलर ७० सेंट जादा घेतले. जुलै २००६ पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे ५६ लाख डॉलर गोळा झाले. शस्त्रक्रियांचे दावे किती आले? ३७. खर्च किती झाला? ३,८६,४१७ डॉलर. म्हणजे शंभर रुपये जमा झाले असतील तर त्यांतले सात रुपयेही खर्च झाले नाहीत. शेवटी पालिकेने जादा आकारणी बंद केली. तेथील दर आणि येथील दर वेगळे, हे मी जाणतो. परंतु प्रसंग विरळा आणि वर्गणीदार पुष्कळ असले म्हणजे माणशी भार नगण्य होतो, हे गणित मुंबईत काय किंवा बंगळूरला काय, निराळे असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे संख्या तरी किती आहे? २०११ च्या जनगणनेत 'इतर' ह्या लिंगसदरात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ४०,८९१, कर्नाटकात २०,२६६ आणि गुजरातेत ११,५४४. नोंद न झालेले पुष्कळ असतील असे गृहीत धरले, तरी त्यांतले सरकारी सेवेत किती, आणि त्यांतले उपचार घेणारे किती? तिजोरी बुडविण्याइतके खचित नाहीत.

तथापि संख्या थोडी म्हणून प्रश्न बाजूस सारावा असेही नाही, कारण ही दारे आता उघडू लागली आहेत. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, जुलै २०२१ मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी १ टक्का आरक्षण ठेवले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी स्वतंत्र पर्याय ठेवण्यास सांगितले. म्हणजे हे कर्मचारी येणारच. घरात पाहुणा बोलवावा आणि पाट मांडताना 'तुमच्यासाठी पाट नाही' म्हणावे, अशी आपली रीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन कौशिक ह्या शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल देताना समान संधीचे धोरण आखण्यासाठी न्यायमूर्ती आशा मेनन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कामाचे स्वरूपच लिंगावर अवलंबून असल्याखेरीज, शस्त्रक्रियेसाठी मालकाची परवानगी घेण्याचे बंधन कर्मचाऱ्यावर नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. साळवे ह्यांना २०१७ साली ज्या परवानगीसाठी वणवण करावी लागली, तिचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. बिल कोणी भरावयाचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

तो सोडविताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ ह्या काळात परिपत्रकांच्या मार्गाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या विमा योजनांतील ह्या उपचारांवरील बंदी उठविली. सरकार बदलले, आणि २०२५ साली दुसऱ्या परिपत्रकाने २०२६ पासून ते उपचार पुन्हा वगळले. जे साहेबाच्या सहीने मिळते ते साहेबाच्या सहीने जातेही. म्हणून आपल्याकडे ही सोय एखाद्या मंत्र्याच्या शेऱ्यावर किंवा तात्पुरत्या परिपत्रकावर सोडू नये. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांतील यादीतच हे उपचार नावानिशी घालावेत. त्यांच्यासाठीची रजा ही वैद्यकीय रजा धरावी. सेवापुस्तकातील नाव व लिंग बदलण्याची रीत ठरवून द्यावी, म्हणजे बिलावर एक नाव आणि सेवापुस्तकात दुसरे, एवढ्यावरून कोणाचे पैसे अडणार नाहीत. आणि जोवर हे होत नाही तोवर सरकारी नोकरी लागली म्हणून कोणाचे आयुष्मान कार्ड काढून घेऊ नये. ह्या चार गोष्टींना नवा महाल बांधावयास नको. असलेल्या नियमांत चार ओळी पुरतात.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकांत, कोषागारांत, लेखा विभागांत काम करणार आहोत. कोणाची तरी प्रतिपूर्तीची फाइल आपल्याच टेबलावर येईल. तेव्हा आपण हसतो की नियम काढून वाचतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून राहील. माझ्या घरी मराठीबरोबर आईची कन्नड बोलली जाते, आणि उंबऱ्याबाहेर पडले की गुजराती. 'उपकार' हा शब्द ह्या तिन्ही भाषांत आहे. मराठीत ज्याला हक्क म्हणतात त्याला कन्नडात 'हक्कु' आणि गुजरातीत 'हक' म्हणतात. ललित साळवे ह्यांना मिळाले तो उपकार होता. माझ्या वर्गमैत्रिणीने परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीच्या कागदावर सही केली, तर त्याच सहीने तिला हक्क मिळाला पाहिजे. वर्गणी तर तीही भरणारच आहे.